शेताला आणि घराला कुंपण कोणते घालावे?

बियाणे कोणते घ्यावे, खताचा हप्ता केव्हा द्यावा, पाण्याच्या पाळ्या किती ठेवाव्यात, याविषयी शेतकरी चार जाणत्या माणसांना विचारून मगच निर्णय घेतो. कुंपणाच्या बाबतीत मात्र तो बहुधा शेजाऱ्याचे पाहून ठरवितो. शेजाऱ्याने काटेरी तार ओढली की आपणही ओढावयाची, त्याने जाळी आणली की आपणही जाळीची चौकशी करावयाची, असा प्रघात पडून गेला आहे. त्यामुळे कित्येक ठिकाणी हजारो रुपयांची तार ओढूनही रानडुकरांचा कळप हुरड्यात आलेली ज्वारी एका रात्रीत लोळवून जातो. उलट काही ठिकाणी सागरगोट्याच्या दाट वईने जे काम सहज झाले असते, त्यासाठी कर्ज काढून लोखंड उभे केलेले दिसते. कुंपण हा पिकाच्या उत्पादन खर्चाचाच एक भाग आहे. म्हणून तेही बियाण्याइतक्याच विचाराने निवडले पाहिजे.

कुंपण निवडताना पहिला प्रश्न 'कोणते कुंपण चांगले?' हा नव्हे, तर 'कोणाला अडवावयाचे?' हा होय. सर्वांना अडविणारे कुंपण नसते, आणि असलेच तर ते शेतीला परवडत नाही.

कोणापासून राखण?

गाय, बैल व म्हैस ही जनावरे अंगाच्या जोराने कुंपण रेटतात. त्यांच्यासाठी चार फूट उंचीचे, मजबूत व टोचणारे कुंपण पुरे होते. शेळीची गोष्ट निराळी आहे. ती रेटत नाही, फट शोधते. तारेच्या दोन ओळींत नऊ-दहा इंच अंतर असले की करडू आत शिरलेच. शिवाय कोवळे सजीव कुंपण ती ओरबाडून खाते, हे ध्यानात ठेवूनच झाडे निवडावी लागतात.

रानडुक्कर खालून शिरते. ते मुसंडी मारून तार किंवा जाळी उचलते आणि जमीन भुसभुशीत असेल तर उकरून वाट करते. त्याच्यापुढे कुंपणाच्या उंचीला महत्त्व नाही. जमिनीलगतचा एक-दीड फूट हीच खरी लढाईची जागा होय. विदर्भात ज्याला रोही म्हणतात ती नीलगाय याच्या नेमकी उलट. चार-पाच फुटांचे कुंपण ती उडी मारून ओलांडते. म्हणजे डुकरासाठी घातलेले कुंपण रोह्याला अडवीत नाही आणि रोह्यासाठी उंच ओढलेल्या विरळ तारांखालून डूक निघून जाते. ज्या शिवारात दोन्ही आहेत तेथे खाली दाट व वर उंच अशी दुहेरी रचना करावी लागते. वानरांना तर साधे कुंपण म्हणजे बसण्याची जागाच. त्यांच्यासाठी राखणीस माणूस वा कुत्रा ठेवण्याची तयारी हवी. कुंपणावर खर्च करून उपयोग नाही.

कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी, चंदगड भागांतील गवा किंवा सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात उतरणारा हत्ती यांच्यापुढे एकट्या शेतकऱ्याचे तारकुंपण टिकत नाही. तो प्रश्न वनविभागाच्या सहभागाने व सबंध गावाने मिळूनच हाताळावा लागतो. तेथे गरीब शेतकऱ्यास स्वतःच्या पैशाने तार ओढण्याचा सल्ला देणे म्हणजे त्याला दुहेरी नुकसानीत लोटणे होय.

मोकाट गुरांचा उपद्रव हेच मुख्य कारण असेल तर कुंपणाच्या आधी गावाची बैठक बोलवावी. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी व हिवरे बाजार या गावांनी चराईबंदी गावाच्या ठरावाने पाळली. जेथे असा ठराव मनापासून पाळला जातो तेथे प्रत्येक बांधावर काटे रचण्याची गरज उरत नाही. ग्राम पातळीवरील कार्यकर्त्यांनी हा मार्ग प्रथम चाचपून पाहावा. १८७१ च्या कायद्याने कोंडवाडे आले, दंडही बसविण्यात आले. परंतु कोंडवाड्यात गुरे नेऊन घालणाऱ्याचे शेजाऱ्याशी वैर होते आणि पीक तर तोपर्यंत गेलेलेच असते.

हद्द आणि घेर

कुंपणाची पहिली कुदळ मारण्यापूर्वी हद्द निश्चित असली पाहिजे. हद्दीच्या खुणा हरवल्या असतील किंवा शेजाऱ्याशी किंचितही वाद असेल, तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीसाठी अर्ज करून खुणा दाखवून घ्याव्यात. मोजणीचा खर्च जड वाटतो. पण चुकीच्या रेषेवर लावलेली वई पाच वर्षांनी उपटावी लागली म्हणजे तो खर्च किती थोडा होता ते कळते. कुंपण आपल्या हद्दीच्या आत घालावे. पाणंद, शिवरस्ता किंवा शेजाऱ्याची वहिवाटीची वाट कुंपणात घेऊ नये. अशी वाट अडविल्यास १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आणि १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता यांनुसार तहसीलदाराकडे दाद मागता येते, आणि मग उभे केलेले कुंपण स्वखर्चाने काढण्याची पाळी येते.

दुसरी गोष्ट घेराची. कुंपणाचा खर्च शेताच्या क्षेत्रावर नव्हे, घेरावर अवलंबून असतो, आणि घेर शेताच्या आकारावर. एक एकराचे चौरस शेत घेतले तर त्याची बाजू सुमारे ६४ मीटर व घेर सुमारे २५४ मीटर भरतो. तेच एक एकर वाटणीत २० मीटर रुंदीच्या पट्टीने आले असेल तर लांबी २०२ मीटर होते आणि घेर ४४४ मीटरांवर जातो. दर तीन मीटरांवर एक खांब धरल्यास पहिल्या शेताला ८५ खांब लागतील, दुसऱ्याला १४८. पाच ओळींच्या तारेचे म्हणाल तर पहिल्यास १,२७० मीटर आणि दुसऱ्यास २,२२० मीटर. जमीन तेवढीच, पीक तेवढेच, खर्च मात्र पाऊणपट अधिक.

हेच गणित उलट दिशेने फार उपयोगी पडते. चार शेजाऱ्यांची एकेक एकराची चार चौरस शेते एकमेकांस लागून असतील आणि प्रत्येकाने आपापले कुंपण घातले, तर एकूण १,०१६ मीटर कुंपण होते. चौघांनी मिळून बाहेरून एकच कुंपण घातले तर ५०९ मीटर पुरते. म्हणजे खर्च बरोबर निम्मा. लांबट पट्ट्यांच्या बाबतीत ही बचत याहूनही अधिक होते. पट्टी जितकी अरुंद तितकी भावाभावांनी एकत्र येण्याची निकड जास्त. आणि अनुभव असा की, पट्टी जितकी अरुंद तितका भावाभावांतला बोलण्याचा प्रसंगही कमी. येथे मध्यस्थाची खरी गरज आहे. अशा सामाईक कुंपणाचा खर्च कसा वाटून घ्यावयाचा, दुरुस्ती कोणी करावयाची आणि कवाडाची किल्ली कोणाकडे राहावयाची, हे आधी कागदावर लिहून सह्या घ्याव्यात.

काट्यांची वाळकी वई

बाभूळ, बोर किंवा हिवर यांचे काटे तोडून बांधावर रचणे ही सर्वात जुनी रीत. यात पैसा दिसत नाही म्हणून ती फुकट वाटते. वस्तुतः ती सर्वात मजुरीखाऊ आहे. काटे तोडणे, वाहणे, रचणे आणि पावसाळ्यात कुजले की पुन्हा तेच. वाळवी लागते, उन्हाळ्यात ठिणगी पडली तर सबंध बांध पेटतो.

याचा मोठा दाखला इतिहासात आहे. इंग्रज राजवटीत मिठाची जकात चुकवून माल जाऊ नये म्हणून उत्तर व मध्य हिंदुस्थानातून एक लांबच लांब जकातरेषा आखलेली होती. तिचे एक टोक खानदेशाला लागून असलेल्या बऱ्हाणपुराच्या बाजूस येत असे. या रेषेवर प्रथम वाळक्या काट्यांचे कुंपण होते. १८६७ ते १८७० या काळात त्या खात्याचे प्रमुख असलेले ॲलन ह्यूम (पुढे काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचा वाटा होता तेच) यांनी हिशेब केला, तेव्हा एका मैलास सुमारे २५० टन काटे लागतात आणि तेही दूरवरून वाहून आणावे लागतात असे दिसून आले. वाळवी, उंदीर, वणवे व वादळे यांमुळे दरवर्षी बराचसा भाग नव्याने रचावा लागे. म्हणून त्यांनी बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग अशा झाडांचे जिवंत कुंपण वाढविण्याचा धडाका लावला. ती जकातरेषा लोकांना जाचक होती आणि १८७९ साली ती मोडण्यात आली, हे योग्यच झाले. परंतु वाळके कुंपण स्वस्त नसते, हा तेथे निघालेला हिशेब आजच्या शेतकऱ्यासही लागू आहे. वाळकी वई एका हंगामासाठी, किंवा नव्याने लावलेल्या सजीव कुंपणास पहिली दोन वर्षे संरक्षण म्हणून घालावी. कायमची सोय म्हणून तिच्याकडे पाहू नये.

सजीव कुंपण

ज्याला दोन-तीन वर्षे थांबता येते आणि ज्याची जमीन अगदीच तुटपुंजी नाही, त्या शेतकऱ्यास सजीव कुंपणासारखे दुसरे नाही. रोख खर्च थोडा, आयुष्य मोठे, वाऱ्याला आडोसा आणि झाड योग्य निवडल्यास फळ, पाला किंवा वाखही मिळतो.

झाडे निवडताना पाऊसमान व जमीन पाहावी. कोकणात गिरिपुष्प सर्वात सोईचे. मनगटाएवढ्या जाडीच्या चार-पाच फुटी फांद्या पावसाच्या तोंडावर रोवल्या की त्या फुटतात. त्याचा पाला भाताच्या खाचरात हिरवळीचे खत म्हणून उत्तम. या झाडाच्या शास्त्रीय नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थच मुळी 'कुंपणाचे' असा आहे. मात्र गिरिपुष्पाला काटे नाहीत. ते जिवंत खांब म्हणून वापरावे आणि मधल्या जागेत तार किंवा काटेरी झुडूप असावे. पांगाऱ्याचेही असेच जिवंत खांब करता येतात.

काटेरी झुडपांत सागरगोटा व चिल्हार ही दोन फार दाट वाढतात. एकदा जाळी झाली की डुकरालाही त्यातून वाट काढणे अवघड जाते. सागरगोट्याचे बी दगडासारखे कठीण असते. ते खरखरीत दगडावर एका बाजूने घासून, रात्रभर पाण्यात भिजवून लावावे. तसेच पेरल्यास कित्येक बिया महिनोन्‌महिने उगवत नाहीत. ही झुडपे पसरतात, म्हणून ज्याला दरवर्षी कोयता चालविणे जमणार नाही त्याने ती लावू नयेत.

करवंद हे डोंगरउताराच्या व मुरमाड जमिनीचे झुडूप. त्याला जोडकाटे असतात, चीक असतो आणि उन्हाळ्याच्या अखेरीस फळ मिळते. मोठी करवंदे लोणच्यासाठी विकलीही जातात. करवंदाचे बी फार दिवस टिकत नाही. पिकलेल्या फळांतून काढून लगेच पेरावे. वाढ मंद असते, म्हणून घाई असणाऱ्याने करवंदाच्या नादी लागू नये.

कोरडवाहू देशावर व मराठवाड्यात शेर, घायपात व विलायती चिंच ही झाडे चालतात. शेराच्या हातभर कांड्या कापून दोन-चार दिवस सावलीत सुकू द्याव्यात आणि मग रोवाव्यात. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. परंतु शेराचा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते. तोडणी करताना डोळ्यांवर चष्मा असावा, वाऱ्याकडे तोंड करून तोडू नये आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. घायपात बांधाच्या बाहेरील अंगास लावावे. त्याच्या पात्याच्या टोकाने गुरांच्या डोळ्यांना इजा होते, तेव्हा गोठ्याच्या वाटेवर ते नको. झाडाला उंच दांडा येऊन ते मरते, पण तोवर मुळाशी आलेली पिले जागा भरून काढतात. पात्यांपासून निघणाऱ्या वाखाचे दोर उत्तम होतात. विलायती चिंचेचे बी जागेवरच पेरावे. ती उत्तम कुंपण देते, परंतु दोन वर्षे कात्री चुकली की कुंपणाचे झाड होते आणि सावलीखालचे पीक मार खाते.

काही झाडे लावूच नयेत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. वेडी बाभूळ शेंगा खाणाऱ्या गुरांच्या शेणावाटे पसरते आणि पडीक जमिनी व्यापून टाकते. घाणेरी (टणटणी) गुरांना विषारी असून रानभर माजते. मोगली एरंड लवकर वाढतो, गुरे खात नाहीत, म्हणून तो लोकप्रिय आहे. परंतु त्याच्या बिया गोडसर लागतात आणि विषारी असतात. त्या खाऊन मुलांना उलट्या-जुलाब होण्याचे प्रकार वारंवार घडतात. शाळा, अंगणवाडी व घर यांच्या आसपास मोगली एरंड नसावा. फड्या निवडुंगाने तर एके काळी दख्खनच्या गावोगावच्या पडजमिनी भरून टाकल्या होत्या. १९२६ मध्ये श्रीलंकेतून कोचिनील जातीचा कीटक आणून सोडल्यानंतर त्याचा जोर ओसरला. गावाच्या कडेला आजही निवडुंगावर पांढरा कापसासारखा थर दिसतो तो त्याच जातीच्या कीटकांचा.

लागवड अशी करावी. एप्रिल-मे महिन्यांत हद्दीच्या आत दोन-अडीच फूट जागा सोडून दीड फूट रुंद व दीड फूट खोल चर खणावा आणि उन्हात तापू द्यावा. पावसापूर्वी माती व कुजलेले शेणखत मिसळून तो भरावा. पहिला चांगला पाऊस झाल्यावर एक फूट अंतराने दोन ओळी लावाव्यात. ओळीत दर फुटास एक झाड धरावे, आणि एका ओळीतील झाड दुसऱ्या ओळीतील दोन झाडांच्या मधल्या जागेसमोर येईल असे पाहावे. एक एकराच्या चौरस शेतास या हिशेबाने सुमारे १,७०० रोपे किंवा बियांच्या जागा लागतात. तुटीसाठी आणखी दोनशे रोपे पिशव्यांत तयार ठेवावीत. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये ती सांध्यांत भरावीत.

सजीव कुंपण बिघडते ते बहुधा पहिल्याच वर्षी, आणि त्याचे कारण शेतकऱ्याची माया. झाड हातभर वाढले की ते कापण्यास मन होत नाही. ते सरळ वर जाते, खाली बोडके राहते, आणि चार वर्षांनी उंच कुंपणाखालून शेळ्या आरामात ये-जा करतात. बियांपासून लावलेली रोपे फूटभर होताच वीतभर उंचीवर छाटावीत. फुटवे आले की पुन्हा छाटावेत. अशा दोन-तीन छाटण्यांनी जमिनीपासून दाट फांद्या येतात. पुढे कुंपणाला आकार देताना तळ रुंद व माथा निमुळता ठेवावा. माथा रुंद झाला की त्याच्या सावलीने तळाचा पाला झडतो.

एक उणीव लपवून चालणार नाही. कुंपण शेत खाते ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. चार फूट रुंदीची वई एकराच्या चौरस शेताभोवती सुमारे तीन गुंठे जमीन घेते, वर सांगितलेल्या लांबट पट्टीत पाच गुंठ्यांहून अधिक. त्याशिवाय मुळ्या आतील दोन-तीन ओळींचे पाणी व अन्न ओढतात. यास उपाय म्हणून कुंपण व पीक यांच्यामध्ये दर दोन वर्षांनी दोन फूट खोल चर खणून मुळ्या तोडाव्यात. ज्याची जमीनच वीस गुंठे आहे त्याला मात्र रुंद वई परवडणार नाही. त्याने तार किंवा जाळीचाच विचार करावा.

दगडी गडगा

जेथे शेतातच दगड निघतो किंवा जवळच जांभ्याची खाण आहे तेथे गडग्याला तोड नाही. तो जमीन कमी घेतो, आगीस भीत नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत तार लवकर गंजते, तेव्हा किनारपट्टीच्या वाड्यांना हाच पर्याय रास्त. पाया रुंद घ्यावा, मोठे दगड खाली ठेवावेत आणि उतारावरील गडग्यात पाणी निघण्यास झरोके सोडावेत. डोंगराकडून येणारे पाणी तुंबले की गडगा ढासळतो. दगड विकत आणून, गाडीभाडे भरून गडगा बांधणे मात्र शेतीच्या हिशेबात बसत नाही.

काटेरी तार व जाळी

तारकुंपण ताबडतोब उभे राहते, हा त्याचा मोठा गुण. खांब लाकडी असतील तर जमिनीत जाणारा भाग वरवर भाजून त्यावर डांबर लावावे, म्हणजे वाळवी उशिरा लागते. दगडी, सिमेंटचे किंवा लोखंडी अँगलचे खांब अधिक टिकतात. सात फुटी खांब दोन फूट गाडावा. काळ्या भारी जमिनीत ही गोष्ट विशेष जपावी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरवर रोवलेले खांब दोन वर्षांत कलंडतात. तेथे खड्डा अर्धा फूट अधिक खोल घेऊन मुरूम व दगड ठोकून भरावेत.

तारेचा सारा ताण कोपऱ्यांवर येतो. कोपऱ्याच्या खांबास दोन्ही बाजूंनी तिरपे टेकू द्यावेत आणि लांब सरळ बाजूवर दर तीस मीटरांच्या आसपास एका खांबास टेकू असावा. गुरांसाठी चार ओळी पुरतात, शेळ्यांसाठी सहा लागतात. खालच्या ओळी जवळजवळ व वरच्या लांब ठेवाव्यात. तार वजनावर विकली जाते आणि कुंपण लांबीवर होते, हे खरेदीच्या वेळी विसरू नये. पातळ तार किलोला जास्त लांब भरते म्हणून स्वस्त वाटते, पण ती लवकर गंजते व तुटते. जस्ताचा मुलामा पक्का असलेली, भारतीय मानक संस्थेचे चिन्ह असलेली तार घ्यावी आणि पावती जपून ठेवावी.

साखळीजाळी डुकरांना अडवू शकते, पण तळ बांधला तरच. जाळीचा खालचा फूटभर भाग जमिनीत पुरावा किंवा तळाशी एक ताणतार ओवून दगडमातीचा बांध घालावा. नुसती लोंबती जाळी डुकराला पडद्यासारखी आहे. ओघळ किंवा नाला जेथे हद्द ओलांडतो तेथे मुख्य कुंपण आडवे नेऊ नये. पुरात वाहून आलेला पालापाचोळा अडकून दोन्ही बाजूंचे खांब उपटले जातात. त्या जागेपुरती निराळी सैल जाळी टांगावी, जी गेली तरी उरलेले कुंपण जाणार नाही.

थोड्या पैशात टिकाऊ सोय हवी असल्यास दोन्हींची सांगड घालावी. आज तीन-चार ओळींची साधी तार ओढावी आणि तिच्या आतील अंगास त्याच पावसाळ्यात सागरगोटा, करवंद किंवा विलायती चिंच लावावी. पहिली तीन वर्षे तार झाडांना राखते. पुढे तार गंजू लागते तोवर झाडे शेत राखावयास तयार होतात, आणि तारेचा दुसरा खर्च वाचतो. बहुसंख्य मध्यम शेतकऱ्यांना हीच पद्धत सुचवावी.

जुन्या साड्या बांधून केलेले रंगीत कुंपण विदर्भ-मराठवाड्यात सर्रास दिसते. वाऱ्याने हलणाऱ्या कापडाला जनावरे काही दिवस बुजतात, मग सरावतात. पीक ऐन भरात असतानाचे पंधरा दिवस काढण्यापुरता तो उपाय आहे.

विजेचे कुंपण

सौर ऊर्जेवर चालणारे कुंपण, ज्याला शेतकरी 'झटका मशीन' म्हणतात, ते अडविणारे नव्हे, भीती घालणारे कुंपण आहे. यंत्रातून साधारण दर सेकंदास एक अतिशय अल्पकाळाचा झटका तारेत सोडला जातो. दाब हजारो व्होल्टचा असला तरी झटका क्षणार्धाचाही नसल्याने जनावर दचकून मागे हटते, मरत नाही. हे कुंपण रोही व डुक्कर या दोहोंना चालते, मात्र डुकरासाठी सर्वात खालची तार जमिनीपासून आठ ते दहा इंचांवर असली पाहिजे. गवत तारेला टेकले की झटका जमिनीत उतरतो. म्हणून तारेखालची पट्टी पावसाळ्यात पंधरा दिवसांनी साफ करावी लागते. कोरड्या दिवसांत अर्थिंगच्या सळईपाशी पाणी घालावे. बॅटरी उतरली तर जनावरांना ते चार-आठ दिवसांत कळते. ज्याला हे नित्याचे लक्ष देता येत नाही त्याने हे यंत्र घेऊ नये. यंत्र मानकाप्रमाणे बनविलेलेच घ्यावे आणि कुंपणावर ठिकठिकाणी सूचनेच्या पाट्या लावाव्यात. जंगलालगतच्या गावांनी अनुदानाची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी.

याच्याशी घोटाळा होऊ नये असा दुसरा प्रकार म्हणजे शेतातील विजेच्या जोडणीवरून अथवा खांबावर आकडा टाकून थेट तारेत प्रवाह सोडणे. हे कुंपण नव्हे, सापळा आहे. यात प्रवाह अखंड असतो आणि चिकटलेला जीव सुटत नाही. रात्री पाणी द्यावयास निघालेला शेजारी, बांधावरून घरी परतणारी मजूर बाई, स्वतः शेतकरी किंवा त्याचा मुलगा यांचे जीव अशा तारांनी घेतले आहेत. २००३ च्या विद्युत अधिनियमाखाली ही वीजचोरी ठरते, वन्यप्राणी मेल्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा होतो आणि माणूस दगावल्यास सदोष मनुष्यवधाच्या खटल्यास तोंड द्यावे लागते. गावात कोणी अशी तार लावीत असल्याचे कानावर आले तर ग्राम पातळीवरील कार्यकर्त्याने त्याच दिवशी जाऊन ती काढविली पाहिजे. नुसता सल्ला देऊन परतू नये.

घराभोवती

घर व परसबाग यांना शेतासारखे कुंपण लागत नाही. येथे मुले खेळतात, म्हणून शेर, घायपात, मोगली एरंड व कण्हेर ही झाडे वर्ज्य समजावीत. मेंदी कमी पाण्यावर येते व छाटणी सोसते. अडुळशाला शेळ्या तोंड लावीत नाहीत आणि खोकल्यावर पाने घरच्या उपयोगी पडतात. भाजीपाल्याच्या वाफ्यांना कोंबड्यांपासून वाचविण्यास बांबूच्या कामट्यांचे तीन फुटी कुंपण पुरते. त्यावर वाल किंवा कारले चढविल्यास जागाही वाया जात नाही.

कवाड

उत्तम कुंपण करूनही शेत उघडे राहते ते कवाडापाशी. बैलगाडीला दहा फूट पुरतात, परंतु ट्रॅक्टर व ट्रॉली वळवून आत घ्यावयास चौदा-पंधरा फूट लागतात. पुढे कुंपण तोडून वाट रुंद करण्यापेक्षा आधीच तेवढी जागा सोडावी. कवाडाचे खांब इतर खांबांहून जाड व खोल असावेत. मोठे कवाड दर वेळी उघडण्याचा कंटाळा येतो आणि मजूर ते उघडेच टाकतात. यासाठी शेजारी माणसापुरती अरुंद, नागमोडी वाट ठेवावी. तिच्यातून डोक्यावर भारा घेतलेली बाई जाऊ शकते, पण गुराला वळता येत नाही. शेळ्यांचा उपद्रव असेल तेथे या वाटेला दोरीने आपोआप मिटणारे लहान दार लावावे. कवाडाखालची फट चार बोटांहून अधिक नसावी. गाडीच्या चाकोऱ्या खोल होतात तशी ती वाढत जाते, तेव्हा दरवर्षी दिवाळीनंतर, रब्बीची पिके पोटऱ्यात येण्यापूर्वी, तेथे मुरूम टाकून धुमसून घ्यावा.